पाच वॅटला लायसन्स नको? असं नाही

‘रेडिओ ट्रान्समीटर ५ वॅटच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. भारतात ही सूट २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडपुरती (सर्वसामान्यांसाठी खुल्या रेडिओपट्ट्यापुरती) आहे. ती हॅम बँडला, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यांना, लावणं चूक. तिथे अर्धा वॅट सोडलात तरी परवाना हवाच, आणि त्याआधी परीक्षा.

‘एवढ्याशा पॉवरने कुणाला त्रास होणार?’ हेही खरं नाही. ७ मेगाहर्ट्झच्या घरगुती सर्किटला लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी गाळणी) नसेल, तर सिग्नल दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे १४ आणि २१ वरही उमटतो. फिल्टर म्हणजे तरी काय, टोरॉइडवर (चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर) मोजून गुंडाळलेली एनॅमल तार आणि चार कपॅसिटर. वेढे मात्र दोनदा मोजा. तार कड्याच्या आतून गेली की एक वेढा, हे मी स्वतः चुकलोय.