आधी शिडी लावून वर चढा, मग सांगा पत्रा टाका म्हणून

एप्रिलच्या शेवटी आमच्या तासगाव तालुक्यात दहा मिनिटं गारा पडल्या. दहाच मिनिटं, पण लिंबाएवढ्या. शेजारच्या बेदाण्याच्या शेडवरच्या कागदाच्या चिंध्या झाल्या आणि आमच्या घरावरची ६३ कौलं फुटली. मी स्वतः मोजलीत. तेव्हापासून दारात येणारा प्रत्येकजण एकच सांगतोय, "सगळं उतरवा, पत्रा टाका."

डोकं फिरायची वेळ आलीय!

पत्र्याचा ठेकेदार आला, तो गाडीवरून उतरलासुद्धा नाही. मान वर केली, मोबाईलवर आकडे मारले आणि म्हणाला, "वहिनी, एक लाख ऐंशी हजार. कौलं आता ठेवतंय कोण?" वासे कसे आहेत, आढं (छपराच्या मधोमध जाणारं मुख्य लाकूड) वाकलंय का, काही बघितलं नाही. अरे, शिडी पडवीतच आहे, चढ की! छप्पर बदलायचं का दुरुस्त करायचं, हे खालच्या लाकडावर ठरतं. वाशांना वाळवी लागली असेल, कौलांखालच्या रिपांचा, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा भुगा होत असेल, तर मीच म्हणेन उतरवा. आमचे वासे सागवानी आहेत. ह्यांनी आणि मी एकेका वाशाला खिळा टोचून बघितला. दोन रिपा सोडल्या तर कुठं खिळा आत जाईना. आणि असलं लाकूड मी काढून टाकू?

खरी अडचण दुसरीच आहे, ती कुणी बोलतच नाही. मंगलोरी कौल म्हटलं की सगळी सारखीच, असं लोकांना वाटतं. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा असतो. नवीन कौलाची खाच जुन्यात नीट बसत नाही आणि वाऱ्याबरोबर पाणी आत मारतं. म्हणून मी म्हणतेय, मागच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावरची चांगली कौलं पुढं घ्या आणि मागचं पाखं सगळं नव्या कौलांचं करा. प्रत्येक कौल लावायच्या आधी बोटानं वाजवून बघायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं, आतून तडकलेलं बद्द वाजतं. डोळ्यांना न दिसणारी ती चीरच पावसाळ्यात गळते. एवढं सरळ काम आहे. पण छोटं काम कुणालाच नकोय!

भावकीतले भाऊजी म्हणाले, "सिमेंटचा पत्रा टाका, स्वस्तात होईल." त्याच गारांनी त्यांच्या गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्याला आरपार भोकं पडलीत! शिवाय त्यात ॲस्बेस्टॉस. फुटलेले तुकडे पोरं हातानं गोळा करत होती, ती धूळ फुप्फुसात जाते हे कुणी सांगायचं? आणि लोखंडी पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसून दाखवा. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या दिवसभर ह्याच कौलांखालच्या खोलीत असतात.

पंचनाम्याचं तर विचारूच नका. सरकारी मदतीच्या निकषात घराचं किमान १५ टक्के नुकसान लागतं, तेव्हा कुठं पक्क्या घराला ६५०० आणि कच्च्याला ४००० रुपये. आमचं "तेवढं भरत नाही" म्हणाले. पाऊस काय टक्के मोजून आत येतो? फुटलेल्यातली अकरा कौलं सासूबाईंच्या कॉटच्या बरोबर वर आहेत.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट परत लावायचं काम करणारा एकच माणूस सापडला, शेजारच्या गावचा. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. म्हणाले, "मी खाली बसून सांगतो, वर चढायला पोरगं आणा." त्यांची स्वतःची पोरं गवंडी आहेत, पण स्लॅबशिवाय कामाला हात लावत नाहीत. पंधरा दिवस झाले, पोरगं मिळेना. मृग आठवड्यावर आलाय.

काल वळवाच्या वाऱ्यानं ताडपत्री उडाली. रात्री दोन वाजता आम्ही दोघांनी सासूबाईंची कॉट ओढत चुलीपाशी नेली. त्या अंधारात विचारत होत्या, "घर पाडताय का गं?"

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, कुठलाही असू दे, कौलावर चढून काम करणारा माणूस माहीत असेल तर सांगा. मजुरी मागेल ती देते. पत्र्याचं नाव मात्र माझ्यापुढं काढू नका.