शाळेच्या ब्लॉगवर लिहायचं कुणी?

बापूच्या मोबाइलवर शाळेच्या पालक-ग्रुपचे मेसेज सकाळपासून वाजत होते. शुभ सकाळ, वाढदिवस, कुणाला तरी भावपूर्ण श्रद्धांजली, आणि या सगळ्याच्या खाली कुठंतरी सहामाहीचं वेळापत्रक. ते त्याला सापडेना. बीड जिल्ह्यातल्या आमच्या स्टँडसमोरच्या कट्ट्यावर मग तोच विषय पेटला.

वकील म्हणाला, "ग्रुप बंद करा आणि शाळेचा ब्लॉग काढा. सूचना, गृहपाठ, सुट्ट्या, सगळं तारीखवार. पाहिजे तेव्हा शोधा."

जिल्हा परिषद शाळेवर असलेल्या आमच्या सरांना ते पटलं नाही. "ब्लॉग झालेत रे काढून. २०१५ला सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, तेव्हापासून किती तंत्रस्नेही शिक्षकांनी काढले. त्यावर असायचं काय? जीआर, परिपत्रकं, चाचण्यांच्या पीडीएफ. आम्हा शिक्षकांना त्याचा फार उपयोग झाला, आजही होतो. पण पालक कशाला येईल तिथं? सूचना त्याला हातातल्या ग्रुपवरच पाहिजे."

माझं म्हणणं होतं, आणि अजूनही आहे, की सूचना ग्रुपवरच राहू द्या. ब्लॉग पोरांना द्या. चौथीतल्या मुलीनं विहिरीला पाणी लागलं त्या दिवसाबद्दल लिहिलं, तर तिच्या वहीला वाचक एकच, तोही लाल पेन घेऊन बसलेला. पूर्वी निदान हस्तलिखित निघायचं. सुंदर अक्षरवाली मुलं निवडायची, कोपऱ्यात वेलबुट्टी काढायची, गॅदरिंगला टेबलावर मांडायचं. पण प्रत एकच, आणि तीही पुढं मुख्याध्यापकांच्या कपाटात. आपलं लिहिलेलं अनोळखी माणूस वाचणार आहे, हे कळलं की पोरं आपणहून वाक्य खोडून पुन्हा लिहितात. ते निबंधाच्या दहा गुणांनी होत नाही.

"हौस आहे," बापू म्हणाला. "वाचणार कोण?"

उत्तर नानांनी दिलं. नाना वीस-पंचवीस वर्षं ऊसतोडीचे मुकादम होते. "दिवाळी झाली की टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात. मार्च-एप्रिलशिवाय माघारी नाहीत. पोरगी इकडं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. आई फोन करती, 'जेवलीस का' म्हणती, अन् संपलं बोलणं. पोरगी शाळेत काय करती, हे तिला दाखवील असं काय हाय तुमच्याकडं?"

"नाना, पण वाचता येत नसलं तर?" मी विचारलं.

"मग पोरीनंच मोठ्यानं वाचावं अन् ते टाकावं. उसाच्या फडावर झोपडीत बसून सगळी टोळी ऐकंल."

सरांनी तिथंच मान हलवली. लिंक ग्रुपवर टाकायची, आवाजाची फाइल काही फार जड होत नाही.

वकील मात्र अडून बसला, आणि त्याचं अडणं रास्त होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे त्यातलं मुख्य सूत्र. "आईबाप फडावर, आणि पोरीचं नाव, चेहरा, गाव जगापुढं? मी असतो तर सही दिली नसती." निमंत्रितांपुरता ब्लॉग ठेवता येतो, पण त्यासाठी प्रत्येक पालकाचा ईमेल लागतो. फडावर तो कुठून आणायचा? मग तोडगा निघाला तो असा: चेहरा नाही, आडनाव नाही, वहीच्या पानाचा किंवा चित्राचा फोटो चालेल, आणि बाहेरची प्रतिक्रिया सरांनी वाचल्याशिवाय दिसायची नाही. सगळ्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट २०१४ला बंद झाली तेव्हा किती जणांचं लिहिलेलं गेलं, ते आमच्या पिढीला माहीत आहे.

एवढं ठरतंय तोवर बापूनं खरा प्रश्न टाकला. "आणि पोरानं लिहिलं की आज खिचडी कच्ची होती, तर?"

मी स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. २०१२ साली लॉकगिल्पहेड गावातली नऊ वर्षांची मार्था पेन शाळेतल्या जेवणाचे फोटो काढून ब्लॉगवर त्याला गुण द्यायची. बघता बघता ते जगभर पोचलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका नोकरीच्या भीतीनं धास्तावल्यात, असं सांगत तिथल्या परिषदेनं फोटो बंद केले. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी उठली. त्या ब्लॉगवरून मुलांना शाळेत जेवण देणाऱ्या एका संस्थेसाठी लाखाहून जास्त पौंड जमले.

"तिथं परिषदेनं माघार घेतली. इथं नोटीस मला येईल," सर म्हणाले. "आणि आमच्या खिचडीवाल्या मावशी तुटपुंज्या मानधनावर राबतात. तांदूळ वरून येतो तसा. पोराच्या एका ओळीनं त्यांचंच काम जायचं."

मावशींचं काम जाऊ नये, हे मलाही मान्य. पण ती ओळ खोडली, तर पोरगं त्या दिवशी एवढंच शिकणार की शाळेच्या पानावर फक्त गोडच लिहायचं. मग त्याचं विहिरीवरचं लिखाणही तसंच होईल. खिचडीबद्दल आधी शाळा व्यवस्थापन समितीनं बघावं, काय केलं ते त्याच ओळीखाली लिहावं, आणि ओळ राहू द्यावी.

सर शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत. "समितीनं ठराव करावा, मग मी टाकतो," एवढंच म्हणाले.

समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, कायद्यानंच. त्यातला एक आमचा बापू. पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय घेतो म्हणाला, तर नाना त्याच्यावर उखडले, "पुढच्या महिन्यात? निम्मे पालक तवर फडावर असतील. दिवाळीच्या आधी घे."