स्युब्जोंक्तिफ पासे जिवंत आहे, गेला तो त्याचा भाऊ

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर परीक्षा जवळ आली की एक संदेश फिरायला लागतो. फ्रेंचमध्ये इच्छा, भावना, गरज वगैरे सांगणाऱ्या शब्दांपुढे क्रियापदाचं खास रूप लागतं, ते स्युब्जोंक्तिफ; त्यातला झालेल्या कामासाठीचा काळ म्हणजे स्युब्जोंक्तिफ पासे. मथितार्थ असा: 'स्युब्जोंक्तिफ पासे सोडून द्या. फ्रान्समध्येच तो कोणी बोलत नाही. पाठ करायची रूपं शेकडो. भूतकाळासाठी रोजच्या वापरातला पासे कोंपोझे आहेच. आणि मराठीत असलं काही नाही, त्यामुळे आपल्याला ते जमणारही नाही.' चारही मुद्दे चुकीचे आहेत, पण पहिला कुठून आला ते पाहण्यासारखं आहे.

कोणी बोलत नाही, हे फ्रेंच माणसं खरंच म्हणतात. फक्त ते म्हणतात स्युब्जोंक्तिफ अँपार्फे या त्याच्या जुन्या भावाबद्दल. 'क नू पार्लास्यों' ('आम्ही बोलावं') असं आज कोणी बोललं तर ऐकणाऱ्याला हसू येईल. १९०१ सालीच फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांच्या आदेशाने काही वाक्यांत त्याऐवजी वर्तमान स्युब्जोंक्तिफ लिहिलं तर चूक धरू नये, अशी सूट दिली होती. त्याच्याबरोबर प्ल्यु-क-पार्फे या आधीच्याही आधीचं सांगणाऱ्या काळाचं स्युब्जोंक्तिफ रूपही बोलण्यातून गेलं. पण ती कामं कुठे गेली? थोरले गेल्यावर जमीन धाकट्याच्या नावावर चढावी, तसं झालं. 'तो आला होता याचा मला आनंद झाला होता', हे आज फ्रेंच माणूस 'झेते कोंताँ किल स्वा व्हन्यु' असं सरळ स्युब्जोंक्तिफ पासेत सांगतो. म्हणजे भाऊ गेल्यामुळे याचं काम उलट वाढलं आहे.

गैरसमजाला कानही थोडा जबाबदार असावा. 'मी पाहिलं' म्हणजे 'झे व्यु'मधला साधा 'झे' आणि स्युब्जोंक्तिफमधला 'झे' यांत इतका बारीक फरक आहे की कित्येक फ्रेंच लोकांच्या तोंडी तो उरलेलाच नाही. 'से ल मेय्यर फिल्म क झे व्यु', म्हणजे 'मी पाहिलेला सर्वांत चांगला सिनेमा', हे वाक्य तुम्ही दहादा ऐकलं असेल आणि त्यात स्युब्जोंक्तिफ पासे आहे हे कळलंही नसेल.

शेकडो रूपांचं म्हणाल तर मोजूनच टाकू. आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) या सहायक क्रियापदाचं वर्तमान स्युब्जोंक्तिफ आणि पुढे भूतकाळी धातुसाधित ('पाहिलेलं'सारखं रूप), एवढाच हा काळ. धातुसाधित पासे कोंपोझेच्या वेळी पाठ झालेलंच असतं. राहिली दोन सहायकं. आव्वारची चार रूपं लिहिताना वेगळी, पण कानाला एकच: 'ए'. मग 'एयों' आणि 'एये'. एत्रची 'स्वा', 'स्वायों', 'स्वाये'. सहा उच्चार, संपलं. लिहिताना सांभाळायचं ते एवढंच की बाकी सगळ्या क्रियापदांना 'नू' (आम्ही) आणि 'व्हू' (तुम्ही) यांच्या रूपात लागणारा 'इ' या दोघांना लागत नाही. मुलं तो हटकून घालतात.

तिसरा मुद्दा नावामुळे फसलेल्यांचा आहे. पासे म्हणजे भूत हे खरं, पण हा काळ दाखवतो ते काम पुरं झालेलं असणं. 'इल फो क त्यु ए फिनी आव्हाँ मिदी': बारा वाजायच्या आत तुझं झालेलं असायला हवं. बारा अजून वाजायचे आहेत! इथे पासे कोंपोझे घातला तर वाक्यच मोडतं.

आणि ते 'झालेलं असायला हवं' मराठीच आहे ना? आपल्याकडे स्युब्जोंक्तिफ नावाचा डबा नाही, हे मान्य. 'तू आलास याचा आनंद झाला' यात आपण साधा भूतकाळ वापरतो. फ्रेंचला तिथे 'त्यु स्वा व्हन्यु' लागतं, कारण मुख्य वाक्यात आनंद बसला आहे. म्हणून 'स्युब्जोंक्तिफ म्हणजे आपलं असावा' हे शिकवणीतलं सूत्रही मला पटत नाही. पण मुलं खरी अडखळतात ती धातुसाधिताच्या लिंगवचनाशी, आणि तिथे तर मराठी माणूस घरच्या मैदानावर असतो. 'ती गेली': क्रियापद कर्त्याच्या मागे. 'केल स्वा पार्ती' लिहिताना एत्रपुढचं धातुसाधित तसंच कर्त्याचं लिंग घेतं. 'मी लिहिलेली चिठ्ठी', 'मी लिहिलेला लेख': इथे कर्माच्या मागे. फ्रेंचमध्ये 'ला मेय्यर लेत्र क झे एक्रीत', पण 'ल मेय्यर आर्तिक्ल क झे एक्री'. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून शेवटी 'त' ऐकू येतो. फरक एवढाच की आव्वारबरोबर हे कर्म आधी आलं तरच होतं. सातवी-आठवीत कर्मणी प्रयोग घोटलेल्या मुलाला हे एका तासात कळतं. निव्वळ इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला महिने लागतात.

अवघड भाग वेगळाच आहे, आणि त्याबद्दल संदेशात अक्षर नाही: कोणत्या शब्दानंतर हा काळ घ्यायचा. 'सुएते' म्हणजे इच्छा करणे, त्यापुढे स्युब्जोंक्तिफ; 'एस्पेरे' म्हणजे आशा करणे, त्यापुढे होकारार्थी वाक्यात स्युब्जोंक्तिफ नसलेलं साधं रूप. 'आव्हाँ क' म्हणजे आधी, पुढे स्युब्जोंक्तिफ. 'आप्रे क' म्हणजे नंतर, तिथे भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीच्या मते साधंच रूप हवं, कारण घटना घडून गेलेली असते. पण बोलताना असंख्य फ्रेंच माणसं 'आप्रे क'पुढेही बेधडक स्युब्जोंक्तिफ पासे लावतात, आणि व्याकरणवाले त्यांना त्यावरून टोकत बसतात.