आठव्या महिन्यातले कोलेस्टेरॉल: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आठव्या महिन्यात आपल्या बहिणीचे कोलेस्टेरॉल २६८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४१ आले, डॉक्टरांनी औषध दिले नाही, घरच्यांनी तूप, शेंगदाणे, अंडी सारे बंद केले. आणि ‘गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढतेच’ असे लिहून मी वाचकांना गाफील ठेवतो, असा आपला आक्षेप आहे. त्यामागची काळजी मला कळते, आक्षेप मात्र पटत नाही.

रिपोर्टवर आकड्यासमोर छापलेली ‘२०० पेक्षा कमी’ ही मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांसाठी असते, म्हणून दिवस भरत आलेल्या निरोगी स्त्रीचा आकडाही तिथे ठळक अक्षरांत उमटतो. सुरुवातीच्या महिन्यांत शरीर चरबी साठवते. पुढे इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे यकृत अधिक मेद रक्तात सोडू लागते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होऊन साठवलेली चरबी सुटी होते, आणि आईची गरज त्या चरबीवर भागू लागल्याने ग्लुकोज बाळासाठी उरते. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्के वाढते, तर ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकसुद्धा वार (प्लॅसेंटा) आईच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासूनच बनवते.

धोका आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आणि पोटाच्या वरच्या भागातून पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ व उलट्या ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी अंगावर काढू नयेत. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या स्त्रियांत गरोदरपणातला मधुमेह आणि प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार) अधिक आढळतात, तेव्हा बहिणीची साखर आणि बीपी यांकडे बारकाईने लक्ष असू द्या. आपल्या घरात कमी वयात हृदयविकार झालेले कुणी असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषधाबद्दल एवढेच, की कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गरोदरपणात सहसा थांबवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये सरसकट मनाईची सूचना काढायला सांगितली, तरी बहुतेक गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये, हा सल्ला कायम ठेवला.

घरच्यांनी बंद केलेल्या पदार्थांचे मात्र मला मनापासून वाईट वाटले. बाळाचे वजन झपाट्याने वाढण्याच्या दिवसांत अंडी आणि शेंगदाणे काढून घेणे म्हणजे प्रथिनेच काढून घेणे. कमी करायचेच असेल तर साखर, बिस्किटे, फरसाण आणि वनस्पती तूप कमी करा, वरणभातावरचे चमचाभर साजूक तूप राहू द्या. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. ट्रायग्लिसराइड लवकर उतरतात, स्तनपान करणाऱ्या आईचे तर आणखी लवकर. एलडीएलला, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलला, अधिक वेळ लागतो. त्यानंतरही ते चढेच राहिले, तर उपचारांचा विचार तेव्हा करावा लागेल.