एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : मी विचारलं होतं

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. वडिलांच्या नाकातून रक्त आलं, हातावर काळेनिळे डाग उठले हे वाचून काळजात चर्र झालं. आमच्या औषधांच्या दुकानातून गेलेल्या नॅटोकायनेज कॅप्सूलच्या बाटलीमुळे तुमच्या घरी हा घोर लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. कॅप्सूल लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवलंत हे फार बरं केलंत.

पण ‘काहीएक न विचारता म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात चौदाशेची बाटली मारली’ हे वाक्य मला फार लागलं. ते तसंच राहिलं तर उद्या आमच्या दुकानाची पायरी कोण चढणार? म्हणून त्या दिवशी काय घडलं ते लिहितो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार त्या दिवशी कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान पार रस्त्यापर्यंत आलेलं, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही एकटे आला होतात, वडील सोबत नव्हते. तुमच्या हातातल्या कांगलांच्या जुडीतली फळं काउंटरवर सांडली आणि आमच्याकडच्या मुलीने ती वेचून दिली, म्हणून मला सगळं लख्ख आठवतं. मोबाइलवरचा फोटो दाखवून तुम्ही नॅटोकायनेज मागितलंत. मी विचारलं, ‘कोणासाठी? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का त्यांना?’ तुम्ही म्हणालात, ‘बाबांसाठी. नाही, त्यांना फक्त बीपीची आणि शुगरची.’ तरीही मी बिलावर लाल पेनने ‘डॉक्टरांना विचारून घेणे’ असं लिहिलं. त्या बिलाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. तुमच्याकडचं बिल सापडलं तर खालच्या कोपऱ्यात पाहा.

आता तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला आणि एस्पिरिन व क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत. हे त्या दिवशी कळलं असतं तर चौदाशे सोडा, चौदा हजार दिले असते तरी मी ती बाटली फळीवरून खाली काढली नसती.

तुम्ही मुद्दाम लपवलंत असं मी म्हणत नाही. घरात त्या गोळ्यांना ‘रक्त पातळ करायची गोळी’ कोणी म्हणत नाही. ‘हार्टची गोळी’ म्हणतात, नाहीतर ‘जेवल्यावरची छोटी गोळी’. स्टेंट घातलाय का, सगळ्या गोळ्यांची नावं काय, हे मी खोदून विचारायला हवं होतं. गर्दीमुळे ते राहिलं, आणि काल रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. पण विचारलंच नाही हे वेगळं आणि विचारलं ते अपुरं पडलं हे वेगळं.

दुसरं, तुम्ही याला ‘भोंदू पावडर’ म्हटलंय. आपण जशी सूर, म्हणजे माडाची ताडी घालून तांदळाची सान्नां आंबवतो तसं जपानमध्ये शिजवलेलं सोयाबीन आंबवून नॅटो करतात. त्या नॅटोतलं हे एन्झाइम. रक्ताच्या गुठळीत फायब्रिनचे धागे असतात, ते हे विरघळवतं, असं हिरोयुकी सुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. कोरियात ८६ जणांवर ८ आठवड्यांची चाचणी झाली, ती २००८ मध्ये छापून आली. तिच्यात वरचं बीपी सरासरी साडेपाचने उतरलं. पण त्याच ताकदीची, २,००० एफयूची (एफयू हे या एन्झाइमची ताकद मोजायचं एकक) कॅप्सूल अमेरिकेत २६५ जणांच्या चाचणीत सुमारे तीन वर्षं देऊन पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला : मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होत जाते त्यात काही फरक पडला नाही, बीपीतही नाही. म्हणजे यातून ब्लॉकेज निघतं असं म्हणायला आधार नाही आणि मी ते कधी कोणाला सांगितलेलं नाही. बाटलीवरसुद्धा औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं. हे अन्नपूरक आहे.

एस्पिरिनच्या जोडीला हे घेतल्यावर मेंदूत रक्तस्राव झाल्याची एक नोंद २००८ ची आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या एका रुग्णाने वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध सोडून हे सुरू केलं आणि झडपेवर गुठळी झाली, हेही छापून आलंय. युरोपात हे एन्झाइम असलेल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या अर्काला २०१७ मध्ये परवानगी मिळाली ती दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना वगळून, आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं लेबलवर छापायच्या अटीवर. हे सगळं मला माहीत आहे म्हणूनच तर मी पहिला प्रश्न रक्त पातळ करायच्या गोळीचा विचारतो! नुसत्या एस्पिरिन-क्लोपिडोग्रेलनेही नाकातून रक्त येऊ शकतं. पण यातलं कशाने आलं ते तुमचे डॉक्टर सांगतील, मी त्याच्या आड लपत नाही. एकच कळकळीची विनंती आहे : घाबरून स्टेंटच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू देऊ नका. त्यात जास्त धोका आहे.

ऑनलाइन चारशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणता, मिळत असेल. मी छापील किमतीच्या वर एक रुपया घेतलेला नाही. सील फोडलेली बाटली परत घेत नाही हा नियम सगळ्यांनाच आहे, कारण ती पुन्हा कोणाला देता येत नाही. तरी तुमचे पैसे मी माझ्या खिशातून देतो. एकवीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, पैशांसाठी कोणाच्या वडिलांच्या जिवाशी खेळलो असं कोणी म्हणू नये एवढंच.

यापुढे असल्या कॅप्सूल देताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बघायची असं ठरवतोय, काउंटरवर तसा बोर्डही लावू. बाजाराच्या दिवशी कसं जमवायचं ते बघतो.

राहिलेली बाटली आणि वडिलांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, एकेक नाव बघून कुठल्या गोळीबरोबर काय चालत नाही ते लिहून देतो. शुक्रवार सोडून कधीही या. तुम्ही लिहिलंय की परत आलात तेव्हा दुकान बंद होतं आणि वडील उन्हात उभे राहिले. दुपारी एक ते साडेतीन आम्ही बंद ठेवतो, पण मी वरच राहतो. जिन्याशेजारी बेल आहे, ती वाजवा.