नर्सला मरणाचं इंग्रजी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, माणसाच्या शेवटच्या दिवसांत कानावर येणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी मी नर्ससाठी लिहिली, त्यावर तुम्ही शिरपूरहून लिहिलंय, "आमच्याकडचा पेशंट अहिराणी बोलतो. नर्सला मरणाचं इंग्रजी शिकवून तुम्ही तिला त्याच्यापासून लांब नेताय. आणि असलं अभद्र लिहायचंच कशाला?"

पेशंटच्या उशाशी इंग्रजीचं काही काम नाही, हे मलाही मान्य. "माय बरी हुई जाई ना, ताई?" याला उत्तर अहिराणीतच हवं. पण त्या ताईच्या हातातली फाइल इंग्रजीत असते. आपल्याकडचे कॅन्सरचे पेशंट मुंबईला टाटाला जाऊन येतात, तिथले कागदही इंग्रजीत. त्यावर 'पॅलिएटिव्ह केअर' दिसलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. नर्सलाही तसंच वाटत असेल तर त्यांनी विचारायचं कोणाला? ही काळजी केमो चालू असतानाही देतात. दुखणं, धाप, उलट्या, घरच्यांची घालमेल, सगळं तिच्यात येतं.

'डीएनआर'चे, म्हणजे 'डू नॉट रिससिटेट'चे, हाल याहून वाईट. हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायची खटपट करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॉर्फिन बंद करा, कूस बदलू नका, असं त्यात कुठेही नाही. तसं समजून कोणी पेशंटकडे पाठ फिरवली, तर तो शेवटचे दिवस तळमळत काढतो. मला ही यादी लिहावीशी वाटली ती यासाठीच.

'लिव्हिंग विल'ही, म्हणजे पुढे आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, आता वॉर्डापर्यंत येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये मॅजिस्ट्रेटची अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरेशी केली.

राहिलं अभद्राचं. घरघर लागली की आपल्याकडे तोंडात गंगाजल घालतात. त्या वेळी माणसाला गिळता येत नाही, चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. तो आवाज घशात साठलेल्या स्रावाचा असतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीत नसतो, कुशीवर वळवलं की आवाज पुष्कळदा कमी होतो. गंगाजलात कापूस भिजवून ओठांवर फिरवा, असं नर्सने सांगितलं तर रीतही राहते आणि ठसकाही लागत नाही. हे तिने बोलावं तर आधी आपण बोलायला नको का?

तुमच्या भागात शेवटच्या दिवसांबद्दल म्हातारी माणसं अहिराणीत कशी बोलतात, तेवढं मला लिहून पाठवा. यादीत प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी ते बोल मला हवे आहेत.