'क्रांतीचे पर्यटक' आणि कॉफीची टोपली

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: हुकूमशहा सोमोसाला उलथवणाऱ्या 1979 च्या क्रांतीनंतर तिथं गेलेले परदेशी स्वयंसेवक म्हणजे क्रांतीचे पर्यटक. त्यांच्या हातून काही काम झालं नाही, त्यांना राजकारण कळलं नाही, 1990 मध्ये जनतेनंच त्यांच्या लाडक्या सरकारला हाकललं, आणि त्या क्रांतीचा पुढारी दानिएल ओर्तेगा आज स्वतःच हुकूमशहा झालाय हा तर ढळढळीत पुरावा. याला उत्तर देणारे बहुतेकदा दुसरं टोक गाठतात: 'मी तिथं राबलोय, तुम्ही तोंड उघडू नका.' ते नंतर बघू.

'काही काम झालं नाही.' कॉफीच्या तोडणीपुरतं यात तथ्य आहे. मातागाल्पा आणि हिनोतेगाच्या डोंगरउतारांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोडणी चालते. कमरेला टोपली बांधायची, लाल झालेलं फळ तेवढं खुडायचं, हिरवं झाडावर ठेवायचं. शहरातून आलेला नवखा माणूस तिथल्या बायापोरांच्या पासंगालाही पुरत नसे. बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत ज्यांनी पहिल्यांदा कुदळ धरली, त्यांना तळहाताच्या फोडांबद्दल वेगळं सांगायला नको. पण मळ्यात माणसं कमी का पडत होती? तरणी पोरं क्रांतीच्या सरकारविरुद्ध उठलेल्या कॉन्ट्रा बंडखोरांशी लढायला गेली होती, आणि त्या बंडखोरांच्या मागं अमेरिकेचा पैसा होता. त्याच अमेरिकेचा नागरिक गावात मुक्कामाला असला तर हल्ला करणाऱ्याला दहादा विचार करावा लागेल, हा साधा हिशेब होता. 'विटनेस फॉर पीस' ही ख्रिस्ती संघटना 1983 पासून याच हिशेबानं आपली माणसं सीमेजवळच्या गावांत पाठवत होती. हे काम टोपलीच्या मापानं कसं मोजणार?

आणि बेन लिंडर? हा अमेरिकी इंजिनियर एल कुआ या आडगावात पाण्यावर चालणारं छोटं वीजकेंद्र उभं करायला गेला. लसीकरणाच्या दिवशी तो विदूषकाचा वेष करून एकचाकी सायकलवर निघायचा, म्हणजे पोरं मागोमाग यायची. 28 एप्रिल 1987 ला, पुढच्या केंद्रासाठी ओढ्यावर काम करत असताना, कॉन्ट्रांनी त्याला मारलं. वय 27. सोबतचे दोन निकाराग्वी सहकारीही गेले. सान होसे दे बोकायचं ते वीजकेंद्र 1994 मध्ये पुरं झालं, म्हणजे क्रांतीचं सरकार जाऊन चार वर्षं झाल्यावर. याला पर्यटन म्हणायचं असेल तर म्हणा.

उलट बाजूचीही एक चूक इथंच दुरुस्त करतो. 1980 ची साक्षरता मोहीम काही जण परदेशी स्वयंसेवकांच्या खात्यावर जमा करतात. क्युबाचे शिक्षक आले होते हे खरं, पण मार्च ते ऑगस्ट खेड्यांत राहून कंदिलाच्या उजेडात शिकवणारी सुमारे 60 हजार पोरंपोरी तिथलीच, शाळाकॉलेजांतली होती. निरक्षरता 50 टक्क्यांवरून 13 वर आली, हा सरकारी आकडाही जरा जपूनच वापरावा. 'शिकवता येणार नाहीत' असं ठरवलेली माणसं त्यातून वगळली होती.

'राजकारण कळलं नाही.' अर्धं खरं. 1982 मध्ये कोको नदीकाठच्या मिस्किटो आदिवासींना सैन्यानं सक्तीनं हलवलं, त्यांची गावं जाळली. 1986 मध्ये 'ला प्रेन्सा' हे वर्तमानपत्र बंद केलं. यावर बऱ्याच स्वयंसेवकांनी मूग गिळले, आणि त्याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे. पण 'हे युद्ध बाहेरून पोसलेलं आहे' असं ते सांगत होते, त्याचं काय? 27 जून 1986 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेला दोषी धरलं. कॉन्ट्रांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं, बंदरांत सुरुंग पेरणं, सगळं त्यात आलं. अध्यक्षस्थानी आपले नागेंद्र सिंह होते. फिरत्या मजकुरात याचा उल्लेख तुम्हाला कधी दिसला का?

'जनतेनं हाकललं.' हो, 25 फेब्रुवारी 1990 ला विरोधी आघाडीच्या व्हिओलेता चामोरोंना सुमारे 55 टक्के मतं पडली, ओर्तेगांना 41. सक्तीची सैन्यभरती आणि 1988 मध्ये 30 हजार टक्क्यांवर गेलेली महागाई, याला लोक विटले होते. शिवाय सरकार बदललं नाही तर युद्ध थांबणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. पण हरलेलं क्रांतिकारी सरकार मुकाट्यानं खुर्ची सोडून गेलं, ही गोष्ट जगात रोज घडत नाही. जाताजाता पुढाऱ्यांनी घरं-जमिनी आपल्या नावावर करून घेतल्या हेही खरं. त्या लुटीला तिथं 'पिन्याता' म्हणतात: वाढदिवसाला काठीनं फोडायचं, खाऊनं भरलेलं खेळणं.

राहिला ओर्तेगा. 'क्रांतीच्या बाजूचा तो ओर्तेगाचा' हे समीकरण मांडणाऱ्यांनी तुरुंगाची यादी बघावी. 1978 मध्ये, 22 व्या वर्षी, सोमोसाच्या संसदेची इमारत, राष्ट्रीय प्रासाद, ताब्यात घेणाऱ्या तुकडीत दोरा मारिया तेयेस होती. तिला ओर्तेगानं 2021 मध्ये कोठडीत टाकलं आणि 2023 मध्ये 222 कैद्यांच्या विमानातून देशाबाहेर काढून नागरिकत्वही काढून घेतलं. 1974 च्या ज्या कारवाईमुळं सोमोसाच्या तुरुंगातून ओर्तेगा सुटला, त्या कारवाईत उगो तोरेस होता. तो 2022 मध्ये ओर्तेगाच्या कैदेत मेला.

आता ते दुसरं टोक. जुन्या स्वयंसेवकांपैकी काही जण आजही ओर्तेगाची तळी उचलतात, आणि सुरुवात ठरलेली: 'मी 1985 ला मातागाल्पात कॉफी तोडलीय.' तोडली असेल, मी मान देतो. पण 2018 च्या एप्रिलपासून निदर्शनं चिरडताना तीनशेहून जास्त माणसं मेली, त्याचा साक्षीदार 1985 ची टोपली नाही. ते तेयेसला विचारा, ती आता बोलू शकते. तोरेसला विचारता येणार नाही.